दीड तास

घर माझ्यापेक्षा दीड तास पुढे.
रुवीत माझा गजर वाजायच्या आधीच
सावर्ड्यात भांडण दात घासून तयार असतं.
सात व्हॉइस मेसेज. हेरंबचा हप्ता,
वहिनीचं म्हणणं वेगळं,
मधेच कुकरची शिट्टी,
ती तेवढी कुणाच्याच बाजूची नाही.

गोळ्या मी बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत ठेवतो.
खोलीत आम्ही चौघं; तिघांना वाटतं, याला अशक्तपणा आहे.
ताई म्हणते, तुला रे कसलं टेन्शन, एसीत तर बसतोस.
एसीचं पाणी रात्रभर बादलीत टपटपतं.
मी थेंब मोजतो. चारशेनंतर चुकतो.

डॉक्टर शीबा कुरियन मोडक्या हिंदीत विचारतात:
झोप पगाराच्या आठवड्यातच का जाते?
डोस दोनदा वाढवून झाला.
नुसत्या गोळीने, म्हणाल्या,
आणि पुढचं न बोलता
माझ्या फोनकडे बोट दाखवलं.

नाना. स्पीकरवर.
मी सगळं एका दमात सांगितलं,
महिन्याचा हिशेब सांगतो तसं.
पलीकडे खुर्ची सरकली. टीव्ही बंद झाला.
मला वाटलं, लाइन गेली.

"नाव काय गोळीचं? थांब, पेन घेतो."
ड्रॉवर उघडला. एक पेन उमटलं नाही. दुसरं.
"हं. हळू. एकेक अक्षर."

लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचलं,
चुकीचं.
मी दुरुस्त केलं नाही.