जोड

बैठक रात्री साडेनऊला, तालमीच्या माडीवर.
खाली हौद्यातली माती अजून ओली,
वर आम्ही अकरा जण, एक पंखा,
आणि धामणी खोऱ्यातून आलेलं पत्र:
'एक सामना आमच्याशी खेळावा ही विनंती.
मैदान तुमचं, तारीख तुमची.
टेम्पोचं भाडं तेवढं जमलं तर बघावं.'

खजिनदार इंगवले म्हणाले,
जिंकलो तर हार कोण घालणार?
हरलो तर पेठेत तोंड कुठं लपवायचं?
पलीकडच्या गल्लीतली पोरं वर्षभर
आमच्या दारात फटाक्यांच्या माळा लावतील.
कुणी म्हणालं, एखाद्याचा गुडघा गेला तर?
मणिपूरच्या पोराला दोन महिन्यांचे पैसे
आधीच मोजलेत.

हे सगळं खरं आहे. मी इतिवृत्त लिहितो,
खोटं लिहीत नाही.
तो पोरगा विमानानं आला हेही लिहिलंय.
धामणीला एसटी दिवसातून तीनदा जाते,
ते कुठल्या रकान्यात लिहायचं कळलं नाही.

जोतीराम वस्ताद जोड लावायचे.
कान मोडलेले, आवाज बसलेला,
पण मैदानात विजोड कुस्ती लागू द्यायचे नाहीत.
'लोकांनी कुस्तीचं पैसं दिल्यात,
पोरगं मोडताना बघायचं न्हाई.'
आणि हेच वस्ताद रोज पहाटे
चाळीस किलोच्या पोराला अंगावर घ्यायचे,
पट काढू द्यायचे, मानेला लोंबकळू द्यायचे,
मग झोपलेलं मूल ठेवावं तसं
मातीवर ठेवायचे.
विचारलं तर म्हणायचे,
'ते मैदान. ही लढत.'

मग हा सामना काय? मैदान की लढत?
तिकीट लावलं तर मैदान.
नाही लावलं तर भाडं कुठून?

सोळा वर्षांपूर्वी भुदरगडचा एक संघ आला होता.
आम्ही नऊ घातले.
मी डावा बॅक, दुसऱ्या अर्ध्यात
बॉल माझ्याकडे आलाच नाही,
कमरेवर हात ठेवून उभा होतो.
सातव्यापासून गॅलरी मोठ्यानं मोजायला लागली
आणि मी हसलो. हेही लिहून ठेवतो.
नवव्याला जाळी फाटली. आमचीच जाळी.
आम्ही एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होतो
तेव्हा त्यांच्या गोलकीपरनं बुटाची नाडी काढली
आणि ते भोक बांधलं,
नीट, गुरं बांधतात तशा गाठीनं.
उरलेला वेळ एक बूट ढिला ठेवून खेळला.

ऋतुराज डवर. अकरावीला होता.
नंतर नळावर पाय धुताना मला म्हणाला,
'तुमचा नऊ नंबर किक मारायच्या आधी
डावा खांदा पाडतोय.
पाचव्या गोलला घावलं.
अजून अर्धा तास पायजे होता.'

चार वर्षं आम्ही त्या नऊ नंबरबरोबर खेळत होतो,
त्याच्या लग्नात नाचलो होतो.
आम्हाला कुणाला तो खांदा दिसला नव्हता.
त्या साली फायनलला टायब्रेकरमध्ये
त्यानं खांदा पाडला,
समोरच्यानं बरोबर तिकडं झेप घेतली.
मी सेंटर लाइनवर बसलो होतो. मला माहीत होतं.
मी कुणाला सांगितलं नव्हतं,
खेड्यातलं पोरगं सांगतंय म्हणून.

मतदान झालं. पाच हात वर. मग दुसरे पाच.
इंगवले म्हणाले, लिहिणाऱ्याला मत नसतं.
नियमाची वही बघू, कुणीतरी म्हणालं.
वही कपाटात, किल्ली पुजाऱ्याकडे,
पुजारी जोतिबाला.

पंखा एकदा थांबला, परत लागला.
सगळे माझ्या उजव्या हाताकडे बघत होते.
त्यात पेन होतं.
आधी ते खाली ठेवावं लागणार होतं.