एकवीस-शून्य-दोन

वसमतच्या हळद बाजारात, लिलावाच्या शेडमागं
एक खोली. खोलीत लोखंडी कपाट,
कपाटात राऊटर. पंखा पिवळाधम्मक.
सोनेराव म्हणाले, "लाईट गेली की समदं इसरूलालंय बघा.
बोली बंद पडती, अन् शिव्या आम्हाला."

चूक माझीच होती. तसं बोलले नाही.

पोळ्याआधी आले होते तेव्हा
इंगोले साहेब पासवर्ड मनात घेऊन बदलून गेलेले.
फोन लागेना. मग निळी केबल खोचून
उठता उठताच त्याला अडवलं, सांगितलं:
एकवीस-बेचाळीस.
म्हणजे, जागा हो, पण लिहून ठेवलेलं वाचू नकोस.
तो कोरा उठला. ना नाव, ना कुलूप.
मग जुनं सगळं मीच त्याच्यापुढं मांडलं,
फक्त कुलूप बदललं.

त्यात एक ओळ इंगोल्यांची,
इंग्रजी अक्षरांत मराठी:
पोर्ट सात बंद करू नये. हमालांच्या पोरी रात्री अभ्यास करतात.
मला दिलेल्या यादीत सातवर फुली होती.
मी ओळ राहू दिली. पोर्टही.

सेव्ह केलं. चहा घेतला. तीनची गाडी धरली.
आकडा परत फिरवायचा राहिला.

तेव्हापासून लाईट गेली की तो कोराच उठायचा,
सगळं पोटात असून.
हिंगोलीचं एक पोरगं येऊन दर वेळी हातानं भरून जायचं,
त्याच्याही ध्यानात आलं नाही.

आज आकडा बदलला. एकवीस-शून्य-दोन.
जागा हो, आणि वाच.
"सोनेराव, वायर उपसा."
"आत्ता?"
"जेवायची सुट्टी आहे तोवर."
त्यांनी तोंड फिरवून उपसली.

पंखा थांबला. थोडी हळद खाली बसली.
वायर पुन्हा आत. दिवा नारिंगी.
बराच वेळ नारिंगी.
कुणीतरी शेडमध्ये पोत्यावर घोरत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

मग पडद्यावर त्यानं स्वतःचं नाव लिहिलं.
खाली सात नंबर हिरवा.

"ध्यानात ऱ्हायलं म्हणा की!"
"ध्यानात नाही हो. वाचलं त्यानं."

परभणीत उतरले तर नखं पिवळी.
घरमालकीण म्हणाली, "कुणाच्या हळदीला गेल्तीस गं?"
"वसमतच्या," म्हटलं,
आणि जिना चढताना लाईट गेली.
फोन हातात धरून तिथंच थांबले जरा.