किरकोळ दुरुस्ती

मार्चअखेर. पंखा फिरतो, कागद उडतात.
एकावर डस्टर ठेवते, एकावर पंचिंग मशीन,
एकावर डबा, सकाळची मेथी अजून आत.
शाळा महापालिकेची, दांडेकर पुलाच्या अलीकडे.
मी इथली क्लार्क. सतरा वर्षं.
फळ्याशी माझा संबंध नाही, मला रकाने कळतात.

खडूला रकाना आहे.
फिनेलला आहे, खराट्याला आहे,
घंटेचा टोल बदलायचा तर त्यालाही.
सव्वीस जानेवारीच्या जिलेबीलासुद्धा आहे,
किलोच्या दरासकट.

बिल्किस मॅडमना नाही.

मंगळवार, शुक्रवार. कात्रजहून बस.
पिशवीत शाडू, रंगीत दोरे
आणि एक कापडी ससा,
ज्याचा डावा कान मुलांनी चावून चावून वात केलाय.
जिन्याखालची खोली त्यांना दिली,
मोडकी बाकं, गंजलेली लेझीम बाजूला सारून.
एका संस्थेचा प्रकल्प होता, तीन वर्षांचा.
संस्था भली होती. दिवाळीत तीन वर्षं भरली.
निरोपाला पेढे वाटले, फोटो काढले,
आणि हेडसर माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले,
बघा, कशात बसतंय का.

सिद्राम, पाचवी ब.
वस्तीत सिलिंडर फुटला त्या रात्रीपासून
दप्तर पाठीवरून उतरवत नाही.
वर्गात नाही, खिचडी खाताना नाही, मुतारीतसुद्धा नाही.
त्यावरून पट्टीही खाल्ली त्याने.
आत काय आहे, हे बिल्किस मॅडमनी विचारलं,
तेही चौथ्या मंगळवारी.
रेशनकार्ड. आईचा चष्मा.
धाकट्या बहिणीचा एक मोजा.
पळायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून.
(बहीण आहे. चिंचवडला मावशीकडे.
मी मुद्दाम विचारून घेतलं.)

आणि सातवीतली संघमित्रा.
घरचा विषय निघाला की ती फरशा मोजते.
ऑफिसच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत एकोणीस.
शाळा सुटल्यावर मी मोजून पाहिल्या.
बरोबर आहेत.

तर बसवलं मी.
किरकोळ दुरुस्ती, जिन्याखालील खोली,
मजुरी, महिना आठ दिवस.
सही माझी, शिक्का शाळेचा.

परवा ऑडिटला खळदकर साहेब आले.
बोट ठेवलं बरोबर त्याच ओळीवर.
दाखवा, काय दुरुस्त झालंय.
नेलं मी.
भिंतीला तीच ओल, दाराला तीच कडी,
अर्धा बल्ब गेलेला.
आत सिद्राम माती मळत होता.
दप्तर मांडीवर. पट्टा डाव्या मनगटाला गुंडाळलेला,
उजवा हात मात्र सगळा मोकळा,
कोपरापर्यंत चिखल.

साहेब उंबऱ्यात उभे राहिले.
किती वेळ, ते मी लिहून ठेवलेलं नाही.
मग चष्मा पुसून म्हणाले, बाई, आक्षेप तर घ्यावाच लागेल.
आणि घेतला.
रक्कम रुपये नऊ हजार सहाशे, वसूलपात्र.
जाताना दारातून वळून म्हणाले,
नवीन लेखाशीर्षाचा प्रस्ताव टाका वर.
निदान टाका तरी.

टाकलाय. तीन प्रतींत.
आक्षेपाच्या उत्तराला पंधरा दिवस आहेत.
मा. महोदय, असं लिहिलंय,
खाली, सदर दुरुस्ती अद्याप चालू आहे,
आणि पुढे पेन अडलंय.

मघाशी संघमित्रा हजेरीपट घेऊन आली.
ओठ हलत होते. अठराव्या फरशीवर थांबली,
मान वर केली,
शुक्रवारी येणार ना मॅडम?

हो म्हटलं.
तोंडी. लेखी काही दिलेलं नाही.