वहीतला रकाना

ऐरोलीत थंडी पडत नाही.
मी ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते,
कोथिंबिरीशेजारी, दह्याच्या सात डब्यांत.
रात्री आत, सकाळी गॅलरीत.
लाइट गेली की मोरेश्वरांना आधी डॅफोडिल आठवायची,
मग इडलीचं पीठ.

आईबाप कंदानं आणलेले, कुरिअरनं, निम्मे कुजलेले.
बी मात्र इथलं. काळं, तिळाएवढं.
पहिल्या वर्षी एकच पात;
इंदुमती गवत म्हणून उपटायला निघाली होती.
दुसऱ्या वर्षी दोन.
तिसऱ्या वर्षी मी मोजायचं सोडलं.

डबी एक ते तीन, शुद्ध जात:
करंगळीच्या पेराएवढी फुलं, घेरदार पिवळा परकर,
तिघींत फरक शोधून सापडत नाही.
खाण तशी माती.
चार ते सात, संकर.
नातीच्या रंगाच्या ब्रशनं, श्वास धरून केलेला.
चार आलीच नाही.
पाच आईवर गेली. सहाही आईवरच, जरा फिकी.

सात आज उघडली.
पट्टी लावली: तेरा मिलिमीटर.
परकर आईचा,
पाकळ्या बापासारख्या मागे, सशाच्या कानांगत.
पण बापाची मान खाली. आईची आडवी.
ही सरळ वर बघते,
समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे.
कुणाचं वळण हे?

वहीत मानेचा रकाना नव्हता. आखला.
आखताना मागचं पान दिसलं, मोरेश्वरांचं अक्षर:
‘सात नंबर. आशा नाही. जागा अडवते.’
खोडलं नाही.
खाली तारीख घातली,
आणि आज रात्री
तिला फ्रीजमध्ये ठेववेना.