निरंक

पहिलं परिपत्रक आलं तेव्हा
अनुदान शाखेतला पंखा बंद होता,
म्हणून कागद हलला नाही.
'सर्व कर्मचाऱ्यांचे लसीकरण शंभर टक्के झाल्याचा दाखला
जोडल्याखेरीज दुसरा हप्ता वितरित होणार नाही.'
मी त्यावर आवक क्रमांक टाकला, चारशे सतरा,
आणि एक प्रत प्राणिशास्त्राला लावली.

प्राणिशास्त्रात माणसं सदतीस.
छत्तीस जणांची प्रमाणपत्रं आली,
कुणाचं घामाने चिकटलेलं, कुणाचं मोबाइलवर वाकडं.
सदतिसावा नारसिंग राठवा,
छोटाउदेपूरकडचा, रोजंदार.
कागदावर प्रयोगशाळा मदतनीस.
खरं काम विश्वामित्रीच्या काठाने चालायचं,
मातीला कान लावायचा
आणि सांगायचं, इथे आहेत. परवा फुटतील.
मगरीचं पिल्लू अंड्यातूनच ओरडतं म्हणे.
हेतल वाळंदचा प्रबंध या घरट्यांवर,
पण तिलाही ते ऐकू येत नसे.
तिने यंत्र आणलं होतं.
यंत्राला फक्त रिक्षा ऐकू आल्या.

तिचं विद्यावेतन चार महिने त्या हप्त्यात अडकलेलं.
रोज खिडकीशी यायची, विचारायची काही नाही,
माझ्या शिक्क्यांच्या स्टँडकडे बघत राहायची.

मी नारसिंगला बोलावलं.
मी लसीच्या विरुद्ध नाही, हे आधीच लिहून ठेवते.
दोन्ही घेतल्या, तिसरीही.
माझे धाकटे दीर गोत्रीच्या वॉर्डात गेले,
लस यायच्या आधी.
त्यांचा चष्मा अजून आमच्या फ्रीजवर आहे.
ते सगळं त्याला सांगितलं, चष्म्याचंही.
तो जमिनीकडे बघत ऐकत होता,
नदीवर ऐकतो तसाच.
मग म्हणाला, "बेन, मारे नथी लेवी."
सुई घेतल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ गेला होता.
कशाने, ते तपासायला
त्यांच्या फळियात कुणी गेलं नाही.
गेलं असतं
तर मला एवढं बोलावं लागलं नसतं.

विभागप्रमुख भल्या बाई.
त्यांनी कुणाला काढलं नाही.
नव्या महिन्याचा हजेरीपट आखला तेव्हा
सदतिसावी ओळ आखली नाही, इतकंच.
नारसिंगने पट वरून खाली पाहिला,
पुन्हा खालून वर,
गमबूट धुऊन कोपऱ्यात उलटे ठेवले.

छत्तीसपैकी छत्तीस.
मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, उगाच.
शंभर.

हप्ता आला.
हेतलने शाखेत लीलो चेवडो वाटला,
मी दोनदा घेतला.

दुसरं परिपत्रक अकरा महिन्यांनी.
खातं तेच, सही वेगळी.
'लसीकरण ऐच्छिक आहे.
सक्ती करणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखण्यात येईल.
त्या कारणाने सेवा खंडित झालेल्यांची नावे
सोबतच्या नमुन्यात कळवावीत. नसल्यास निरंक.'
एव्हाना पंखा दुरुस्त झालेला,
कागदावर वजन ठेवून वाचावं लागलं.

फाइल उलटून पाहिली.
काढल्याचा आदेश नाही, राजीनामा नाही.
न आखलेल्या ओळीला जावक क्रमांक नसतो.
सात रकाने होते.
सातांवरून एक तिरकी रेघ ओढली
आणि तिच्यावर लिहिलं, निरंक.
अक्षर माझं चांगलं आहे,
रावपुऱ्यातल्या शाळेपासून सगळे म्हणतात.

मे महिन्यात हेतल मला नदीवर घेऊन गेली,
काळाघोड्याच्या पुलापासून थोडं पुढे.
आता तिच्याकडे पैसे होते, परवानगी होती,
यंत्रही नवं होतं.
तिने कान लावला. मग मीही,
पदर खोचून, चोपन्नाव्या वर्षी.
माती कानाला भाजत होती.
पुलावरून बस गेली.
खाली काही असेलही.

तिने वही काढली, तारीख घातली, वेळ घातली,
'ऐकू आलेले आवाज' या रकान्यापाशी थांबली
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"मॅडम, काहीच नसलं
तर काय लिहितात?"