पान सतरा, डावीकडे खाली

मी लिहिलं होतं एवढंच, की स्किप्टनच्या बाजारामागचं
सार्वजनिक स्वच्छतागृह बंद करू नका.
सात ओळी. मेंढ्यांच्या लिलावाच्या जाहिरातीशेजारी
साप्ताहिकानं छापल्या,
माझं आडनाव एका अक्षरानं चुकवून.

पुढच्या गुरुवारी कीथ बॅराक्लफ यांचं पत्र.
स्वच्छतागृहाचा उल्लेख त्यात एकदाच.
बाकी सगळी मी:
माझा देश, तिथल्या सवयी,
आणि 'या बाईंनी आम्हाला संडास शिकवू नये' हे वाक्य,
ज्यावर संपादकाची कात्री का चालली नाही
देव जाणे, किंवा संपादकच.

ओट्याशी उभ्याउभ्याच वाचलं.
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
डाळीचा पार लगदा.

मुकुंद म्हणाला, सोड गं,
कुत्री भुंकली म्हणून हत्ती थांबतो का?
पण हत्तीला कोणी विचारलंय,
रात्री दोन वाजता छताकडे बघत
तो काय करतो ते?

ईशानीचा लीड्सहून फोन: तक्रार कर, रीतसर,
मजकूर मी पाठवते.
तिच्या आवाजात माझ्यासाठी राग होता
आणि थोडी लाजही, की आई, तू लिहायला गेलीसच कशाला.
शेजारच्या मॉरीननं लेमन केक आणून दिला
आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.
पुढे दोन दिवस मला पाहिलं की
ती हवेबद्दल जरा जास्तच बोलायची.

मी उत्तर लिहायला बसले.
पहिल्यात नुसते आकडे. इतकं सभ्य, की मलाच वाचवेना.
दुसरं आपोआप मराठीत सुरू झालं
आणि पेनात काय शिरलं कोण जाणे,
आजोळची अख्खी आळी उठून आली
पदर खोचून.
'मेल्या' या एका शब्दाला
अर्धा तास इंग्रजीत जागा शोधत होते.
कुठेच बसेना.

तेवढ्यात दुसऱ्यांनीच लिहिलं.
तीन पत्रं, तिन्ही माझ्या बाजूनं.
एकानं बॅराक्लफला वयावरून सोललं,
एकीनं शाळेवरून,
तिसऱ्यानं, नाव न देता:
ज्याला घरात बायको ओळखत नाही,
त्याला गावानं का ओळखावं?

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू.
चहा उकळेपर्यंत आवडलं.
मग गाळताना त्या चोथ्याकडेच बघत राहिले.
स्वच्छतागृह आता कोणाच्याच पत्रात नव्हतं.

त्याला कुलूप लागलं त्यानंतरचा शनिवार.
चीजच्या गाड्यामागे एक म्हातारा
एका बाईचा हात धरून
त्या दाराची मूठ पुन्हा पुन्हा फिरवत होता.
बाई म्हणत होती, कीथ कुठाय? मला कीथकडे ने.
'इथंच आहे मी,' तो म्हणाला.
बहुधा सकाळपासून दहाव्यांदा.

मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या कॅफेत जा.
काही विकत घ्यावं लागत नाही,
आणि मागच्या दाराला पायरी नाही.
'टा, लव.'
माझ्याकडे नीट पाहिलंही नाही त्यानं,
आणि पाहून तरी काय?
त्याला ठाऊक होतं फक्त एक आडनाव,
तेही चुकीचं.

माफ केलं, असं कोणी समजू नये.
ते वाक्य अजून टोचतं,
विशेषतः भांडी घासताना.
त्या रात्री तिसरं पत्र लिहिलं, पुन्हा सात ओळी:
दार बंद झाल्याची तारीख,
पुढचं उघडं दार किती पावलांवर (चारशे बारा, मी मोजली),
कौन्सिलची सभा मंगळवारी सहाला.
खाली नाव, टिपणीस,
एकेक अक्षर सुटं, ठसठशीत.

'मेल्या' तेवढा दाढेखाली ठेवलाय
लवंगेसारखा.
ठणका लागला की चावते.