बहात्तर ओळी

बाळाराम रोहिलकर धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळात उतरले.
पिशवीत सुके बांगडे, बांगड्यांना टेकून एक डीव्हीडी.
म्हणाले, नवा टीव्ही घेतला पोरी, भिंतीएवढा,
आणि माजी होडी दिसते टपालाच्या तिकिटाएवढी.
चारी अंगांनी काळं.
मधे आमी सगळे, हौदात पडल्यासारखे.

डिस्क लावली. खरंच होतं.
नऊ वर्षांमागे चिपळुणात कुणीतरी
रुंद चित्र जुन्या चौकोनी डब्यात बसवलं,
वर पट्टा, खाली पट्टा, आणि पट्ट्यांसकट पक्कं करून टाकलं.
आता रुंद टीव्ही त्या चौकोनाला
डावीउजवीकडे आणखी दोन पट्टे लावतो, इमानदारीने.
दोघांनीही चित्र जपलंच होतं तसं.

घरी नातवाने ताणून पाहिलेलं:
माणसं बुटकी, भटजी होडीहून रुंद.
झूमचं बटण त्यानेच कधीतरी चावून ठेवलेलं.

"काळं पुसलंस की खालचं दिसंल ना?"
खालचं?
"पट्ट्याखालचं. म्हादू होता तिथं,
सुकाणवाच्या अंगाला, खांदा लावून."

म्हादू धाकटा. जाळी मोजताना बिनसलं,
आता वेरावळला ट्रॉलरवर. सात वर्षं फोन नाही.
हे त्यांनी सांगितलं नाही.
बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हटलं, काका, पट्ट्याखाली काही नसतं.
ते झाकण नव्हे. जिथे चित्रच नव्हतं
तिथे मशीन शून्य लिहीत जाते, ओळीमागून ओळ.
हसले. "रात्रीचा दर्यापण असाच दिसतो.
खाली काय नसतं व्हय?"

मी मोजलं. वर बहात्तर ओळी, खाली बहात्तर.
एकाहत्तर कापल्या तर केसाएवढं काळं राहतं,
त्र्याहत्तर कापल्या तर पाणी जातं.
बहात्तर कापल्या. प्रमाण लिहिलं सोळाला नऊ.
उरलेलं पडदाभर मोठं केलं, तेव्हा जरा धूसर झालं,
पहाटे वाशिष्ठीवर असतं तितपत.
हळद लावलेली नाळ, फुटलेला नारळ, बायकांची रांग,
आणि अगदी उजव्या कडेला
एक कोपर.
चौकड्याचा शर्ट, दुमडलेली बाही.
कोपर पुढे जातं, मागे येतं, पुढे जातं,
होडी हलते.

काका बोलले नाहीत.
पेनड्राइव्ह टॉवेलाच्या गाठीत बांधला,
बांगडे टेबलावर ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने परत.
"कोपर गेलं."

शटर ओढलं आणि त्यांच्यासोबत वेलदूरला गेले.
टीव्ही नवे असले तरी जुनी खोड सोडत नाहीत:
चारी कडा थोड्याथोड्या आपणच खातात,
एके काळी कडेला केरकचरा यायचा, म्हणून.
मेन्यूच्या पोटात मेन्यू, त्याच्या पोटात ओव्हरस्कॅन.
बंद केलं.

कोपर आलं.
कोपराला चिकटून एक उभी काळी रेघ आली,
मूळ टेपवरचीच. सरळ नाही, थरथरणारी,
कुठे बोटभर, कुठे सुतभर.
दुकानात मी ती पाहिली होती.
जाड जागेच्या हिशेबाने कापावी तर बाही जाते.

"हिला पण पुसू?" मी तरीही विचारलं.
त्यांनी रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.
"राऊ दे. हात कापशील त्याचा."
पुन्हा मागे नेलं. पुन्हा नारळ, पुन्हा कोपर.
आतून चहा आला, त्यावर साय धरली.

मग भिंतीकडे बघतच म्हणाले,
"फोनावर धाडायचं झालं तर हेच चालंल?
वेरावळला."

चालेल, म्हटलं. पण फोन उभा असतो,
वरखाली काळं येईल, आत्ता कापलं त्याहून जास्त.

"येऊ दे," म्हणाले.
"धरील तो आडवा."